झाडावरची घूस: सॉलोमन बेटांवरचे महाउंदीर

मोठ्या उंदराचं नवल मराठी माणसाला सांगायला जाऊ नये. रात्री गटाराच्या कडेनं पळणारी घूस त्यानं पाहिलेली असते, भिंतीच्या पायथ्याशी तिनं उपसलेला मातीचा ढीग पाहिलेला असतो, आणि मांजर तिच्या वाटेला का जात नाही हेही त्याला ठाऊक असतं. तेव्हा आधीच सांगून टाकू: प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरचा विका नावाचा ‘महाकाय’ उंदीर आपल्या घुशीपेक्षा मोठा नाही. वजन अर्धा ते एक किलो, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी साधारण ४६ सेंटिमीटर. खाऊनपिऊन माजलेली घूस त्याला सहज गाठते.

मग २०१७ साली या उंदराची जगभर बातमी का झाली? घूस जमिनीखाली जगते, विका झाडाच्या शेंड्यात जगतो. त्याचं बिऱ्हाड जुन्या झाडाच्या ढोलीत असतं, दगडासारख्या कवचाची फळं तो दातांनी भोक पाडून खातो. म्हणजे अंगानं घूस आणि वागण्यानं शेकरू. सॉलोमनमध्ये अशा मोठ्या उंदरांच्या अनेक जाती आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक जात एकाच बेटावर किंवा एकमेकांना लागून असलेल्या दोन-तीन बेटांवर सापडते. इतक्या लहान जागेत असे उंदीर घडले कसे, आणि तितक्याच पटकन संपतात कसे, हे समजून घ्यायला विका हे चांगलं उदाहरण आहे. (मराठी कानाला ते नाव विक्रीच्या आज्ञेसारखं वाटतं. ते आलंय वांगुनू बेटावरच्या मारोवो भाषेतून, आणि तिथले लोक या प्राण्याला पूर्वीपासून याच नावानं ओळखतात.)

कोण कुठे राहतं

सॉलोमनमधले हे मोठे उंदीर दोन प्रजातींत मोडतात. ‘प्रजाती’ म्हणजे एकमेकांशी जवळचं नातं असलेल्या जातींचा गट, एका आडनावाची माणसं म्हणा हवं तर. पहिली प्रजाती युरोमिस, दुसरी सोलोमिस. उंदीर, घूस आणि या दोन्ही प्रजाती एकाच मोठ्या उपकुळातल्या, पण बेटांवरच्या या शाखेचे पूर्वज आशियातून न्यू गिनीत काही दशलक्ष वर्षांपूर्वी पोचले आणि मग तिथंच त्यांचा वेगळा वंश वाढला.

ओळखायची खूण शेपटीवर आहे. घरातल्या उंदराची शेपटी जवळून पाहिली तर तिच्यावर खवल्यांची वर्तुळं दिसतात, एकावर एक चढलेल्या बांगड्यांसारखी. युरोमिसच्या शेपटीवरचे खवले एकमेकांवर चढत नाहीत. ते कडेला कडा लावून बसतात, जुन्या घरातल्या तुकड्यांच्या फरशीसारखे. म्हणून या सगळ्या शाखेला इंग्रजीत ‘मोझेक-टेल्ड’ म्हणतात. शेपटी जवळजवळ केसहीन असते.

युरोमिसमधले सगळेच मोठे नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलात याच प्रजातीची एक जात जेमतेम २०० ग्रॅमची आहे, आणि त्याच जंगलात तिचा भाऊबंद, पांढऱ्या शेपटीचा मोठा उंदीर, किलोभर भरतो. हा दुसरा तंबूत शिरून पत्र्याचे डबे दातांनी उघडतो आणि उभ्या गाड्यांच्या वायरी कुरतडतो. नारळ फोडणं त्याच्या रोजच्या कामातलं आहे.

ग्वादालकनाल या सॉलोमनच्या मोठ्या बेटावर युरोमिसच्या तीन जाती नोंदल्या गेल्या. १८८०च्या दशकात चार्ल्स मॉरिस वुडफर्ड या इंग्रज निसर्गसंग्राहकानं तिथून नमुने लंडनला पाठवले (हाच गृहस्थ पुढे ब्रिटिश सॉलोमनचा पहिला रेसिडेंट कमिशनर झाला). ब्रिटिश म्युझियमच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १८८८ साली त्यातल्या दोघांना नावं दिली: सर्वांत मोठा तो ‘इम्परेटर’, म्हणजे सम्राट, आणि त्याच्याहून लहान तो ‘रेक्स’, म्हणजे राजा. तिसऱ्याचं नाव १९०४ मध्ये ठेवलं, ‘पोर्क्युलस’, म्हणजे डुकराचं पिल्लू. इथं एक गंमत आहे. घुशीला इंग्रजीत ‘बँडिकूट’ म्हणतात तो शब्द तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून गेलेला, आणि त्याचाही अर्थ डुक्कर-उंदीर असाच. जाडजूड उंदीर पाहिला की डुक्कर आठवावं, यात आंध्र आणि लंडन यांचं एकमत दिसतं.

सोलोमिस ही दुसरी प्रजाती उत्तरेकडच्या बेटांवर आहे: बोगनव्हिल (राजकीयदृष्ट्या हे पापुआ न्यू गिनीत येतं), चॉइझल, इझाबेल आणि न्गेला. यातला सर्वांत दांडगा पोन्सलेचा उंदीर, काळ्या राठ केसांचा. बोगनव्हिलवर काम करणाऱ्या पोन्सले या फ्रेंच मिशनऱ्याचं नाव त्याला १९३५ मध्ये सिडनीच्या एलिस ट्राउटन यांनी दिलं.

आता नकाशावर एक विचित्र गोष्ट दिसते. सोलोमिस बोगनव्हिलपासून न्गेलापर्यंत लांबवर पसरलेला आहे, पण मधेच बाजूला असलेल्या न्यू जॉर्जिया गटात, जिथं वांगुनू आहे, तिथं तो नाही. याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं पुष्कळ पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा बोगनव्हिल, चॉइझल, इझाबेल आणि न्गेला मिळून एकच लांबलचक बेट होतं. भूगर्भाचे अभ्यासक त्याला ‘ग्रेटर बुकिडा’ म्हणतात. उंदीर चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकत होते. न्यू जॉर्जिया गट मात्र खोल पाण्यानं वेगळा राहिला. तिथं पोचायचं तर पोहून नाही, पुरात उन्मळून समुद्रात गेलेल्या झाडांच्या तराफ्यावर बसून, नशीब असेल तर. असा प्रवास लाखो वर्षांत एखाद्या वेळी साधतो. म्हणूनच विका सापडेपर्यंत न्यू जॉर्जिया गटातून एकाही मूळच्या उंदराची नोंद नव्हती.

मोठं व्हायचं कारण

बेटांवर लहान प्राणी मोठे होतात आणि मोठे प्राणी लहान होतात, असा एक ढोबळ नियम आहे. ब्रिस्टल फॉस्टर यांनी तो १९६४ मध्ये मांडला. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर दोन्ही टोकं एका जागी दिसतात: एकीकडे गाईएवढाले हत्ती, जे आता फक्त हाडांच्या रूपात सापडतात, आणि दुसरीकडे पापागोमिस नावाचा उंदीर, जो आजही जिवंत आहे. त्याचं धडच ४१ ते ४५ सेंटिमीटर असतं, शेपटी वेगळी. विकाची शेपटीसकट लांबी आणि याचं बिनशेपटीचं धड जवळपास सारखं.

पण नियम सांगितल्यानं कारण कळत नाही. वेगवेगळी कारणं एकत्र येतात, आणि सॉलोमनमध्ये त्यातलं कुठलं किती जोरकस आहे हे पाहायला हवं.

पहिलं, खाणारं कोणी नाही. मुख्य भूमीवर उंदराचा आकार भक्षक ठरवतात. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांच्यापासून वाचायचं तर अरुंद फटीत शिरता आलं पाहिजे, म्हणून लहान राहणं फायद्याचं. सॉलोमनमध्ये माणूस येण्यापूर्वी एकही मांसाहारी सस्तन प्राणी नव्हता. वटवाघळं आणि उंदीर, एवढेच तिथले मूळचे सस्तन. शत्रू होते ते गरुड, घुबडं, घोरपडी आणि साप. त्यांच्यापासून वाचायला फट नाही, ढोली पुरते. फटीची अट गेली की आकारावरचा लगाम सुटतो.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आणि त्याची चर्चा कमी होते: जागा रिकामी होती. सह्याद्रीत झाडाच्या शेंड्यात बिया आणि कठीण फळं फोडून खाण्याचं काम शेकरू करतं. बोर्निओत तेच काम मोठ्या खारी करतात, शिवाय माकडं असतात. न्यू गिनी आणि सॉलोमनमध्ये मूळची एकही खार नाही, माकड नाही. म्हणजे वर, उजेडात, कॅलरींनी भरलेल्या बिया लटकताहेत आणि त्या फोडणारं कोणी नाही. अशा ठिकाणी ज्या उंदराचा जबडा थोडा जास्त रुंद, त्याला जास्त खायला मिळतं. त्याची पिल्लं जगतात. हजारो पिढ्यांत जबडा वाढतो, जबड्याला पेलायला कवटी वाढते, कवटीला पेलायला धड. इथला उंदीर शेकरूच्या रिकाम्या जागेत वाढला, हे लक्षात घेतलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

तिसरं कारण पोटाचं. फळं वर्षभर नसतात. मधल्या काळात पानं, कोंब, साली यांवर भागवावं लागतं. असलं चोथट अन्न पचायला वेळ लागतो, आणि लांब आतडं असलं की अन्न आत जास्त वेळ राहतं. फ्लोरेसच्या उंदराच्या बाबतीत हे कारण जोरकस असावं, कारण त्याच्या खाण्यात पानं आणि कोंब बरेच आहेत. विकाच्या बाबतीत बियांचं कारण पुढे ठेवायला हवं.

उष्णता राखण्याचं कारण मात्र इथं लागू करू नये. थंड प्रदेशात मोठं शरीर ऊब टिकवतं, हे खरं आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तेच वाचलेलं असल्यामुळे लोक ते सगळीकडे चिकटवतात. वांगुनूच्या दमट जंगलात ऊब टिकवण्याचा प्रश्नच येत नाही.

या वाढीची किंमतही असते. घरातली उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज देते. घुशीला स्तनाग्रं बारा असतात. युरोमिसच्या मादीला फक्त चार. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या जातीची मादी पाच आठवड्यांच्या आसपास गाभण राहते आणि दोन-तीनच पिल्लं देते. शत्रू कमी असतील तर हे परवडतं: कमी पिल्लं, पण प्रत्येकावर जास्त मेहनत. उंदीर म्हटलं की ‘कितीही मारले तरी वाढतातच’ असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. ते घरच्या उंदराबद्दल खरं आहे. या उंदरांची संख्या एकदा घटली की भरून यायला वर्षं लागतात.

कवच कसं फुटतं

सॉलोमनमध्ये न्गाली नावाचं झाड आहे, कॅनॅरियम प्रजातीतलं. आपल्याकडे सह्याद्रीत ज्याची राळ जाळतात ते धूपाचं झाड याच प्रजातीतलं. न्गालीच्या फळात बदामासारखी तेलकट बी असते आणि तिच्याभोवती इतकं जाड कवच, की लोक ते दगडावर ठेवून दगडानंच फोडतात. विका ते दातांनी कोरतो.

सगळ्या कृंतकांना, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांना, पुढे वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीसारखे दात असतात. ते आयुष्यभर वाढत राहतात. दाताच्या पुढच्या बाजूवर कठीण इनॅमलचा थर असतो, मागची बाजू मऊ डेंटीनची. कुरतडताना मऊ बाजू आधी झिजते आणि पुढची कड आपोआप धारदार राहते. सुताराची पटाशी अशीच असते: एक बाजू सपाट पोलादाची, दुसरी घासून तिरपी केलेली. फरक इतकाच, की इथं घासायला सहाण लागत नाही.

मोठ्या उंदराचा फायदा इथं कळतो. दात सगळ्यांचे सारखेच कठीण, पण मोठ्या कवटीवर जबड्याचे स्नायू जास्त मावतात, आणि पटाशीची रुंदीही जास्त. लहान उंदीर तीच बी घेऊन बसला तर तासभर झिजवत राहील, आणि तेवढ्या वेळात मिळालेल्या ऊर्जेपेक्षा खर्च जास्त. मोठ्याला हिशेब परवडतो.

जंगलात शोधणाऱ्याला ही कवचंच पहिला पुरावा देतात. झाडाखाली पडलेलं न्गालीचं कवच उचलायचं आणि तीन गोष्टी पाहायच्या. भोक गोल आणि नेमकं आहे की कवचाचे तुकडे उडालेत? तुकडे उडाले असतील तर बहुधा माणूस. भोकाच्या कडेवर दाताच्या समांतर खाचा दिसतात का? दिसत असतील तर कृंतक. मग खाचेची रुंदी मापायची. ती दाताच्या रुंदीशी जुळते, म्हणून घरच्या उंदराच्या खाचा बारीक आणि मोठ्या जातीच्या ठळक. शेवटी कवचाचा रंग बघायचा: कडा फिकट असेल तर काम ताजं, काळवंडून शेवाळ धरलं असेल तर जुनं. जुन्या कवचावरून ‘इथं विका होता’ एवढंच म्हणता येतं.

सापडायला इतकी वर्षं का लागली

२०१० मध्ये टायरोन लॅव्हरी हे ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञ वांगुनूवर आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना झाडावरच्या मोठ्या उंदराबद्दल सांगितलं. लॅव्हरींना खात्री नव्हती. बाहेरून आलेल्या एखाद्या मोठ्या काळ्या उंदरालाच लोक विका म्हणत असतील, अशीही शक्यता होती. पुढची काही वर्षं पिंजरे आणि कॅमेरे लावून हाती काही लागलं नाही.

का लागलं नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण जगातल्या कुठल्याही झाडावरच्या प्राण्याचा शोध याच जागी अडतो.

जमिनीवरचा प्राणी शोधताना आपण सपाट पृष्ठभाग शोधतो. झाडावरचा प्राणी शोधताना जंगलाला उंची येते, आणि पिंजरे मात्र बहुतेक जमिनीवरच राहतात. फांदीवर पिंजरा लावायचा तर दोरीनं वर चढावं लागतं, तो हलू नये म्हणून दोन ठिकाणी बांधावा लागतो, आणि रोज सकाळी पुन्हा चढून पाहावा लागतो, नाहीतर आत अडकलेला प्राणी उन्हानं किंवा तहानेनं मरतो. बाजारात मिळणारे उंदरांचे पिंजरे किलोभराच्या प्राण्याला अपुरे पडतात. तो शिरलाच तर शेपटी दारात अडकते आणि दार बंद होत नाही.

आमिषाची अडचण वेगळी. उष्ण बेटांवर मुंग्या आणि खेकडे रात्रीत आमिष संपवतात. शंखातले खेकडे तर झाडावरही चढतात. उरलेलं आमिष काळे उंदीर खातात, कारण ते संख्येनं जास्त आणि धीट असतात.

कॅमेऱ्याचंही तसंच. असा आपोआप फोटो काढणारा कॅमेरा पुढच्या दृश्यातल्या उष्णतेचा बदल ओळखून चालू होतो. दुपारी तापलेलं पान वाऱ्यानं हललं तरी तो चालू होतो. समोरच्या पानांची छाटणी केली नाही तर दोन दिवसांत कार्ड पानांच्या फोटोंनी भरतं आणि बॅटरी उतरते. लेन्स पूर्वेला किंवा पश्चिमेला वळवली तर उगवतं-मावळतं ऊन तेच करतं, म्हणून ती शक्यतो उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवतात. आत ओलावा शिरला तर काचेवर धुकं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या कप्प्यात सिलिका जेलची पुडी टाकतात आणि झाकणाचं रबर दर वेळी पुसतात. रबरावर एक केस राहिला तरी पाणी आत जातं. आमिष लेन्सच्या फार जवळ ठेवलं तर फ्लॅशनं प्राणी पांढराफटक येतो. दीड-दोन मीटर अंतर बरं. आणि चौकटीत लांबी कळेल असं काहीतरी हवं, खुणा केलेली काठी किंवा मापलेली फांदी. नाहीतर नंतर ‘हा मोठा उंदीर लांबवर आहे की लहान उंदीर जवळ आहे’ यावर वाद होतो.

शेवटी नोव्हेंबर २०१५ मध्ये पुरावा मिळाला तो तोडीतून. वांगुनूवर लाकूडतोडीत एक डिलेनियाचं झाड पाडलं गेलं (आपल्या करमळाच्या प्रजातीतलं) आणि त्यातून एक मोठा उंदीर बाहेर पडला. झाइरा गावचे वनरक्षक हिकुना जज यांनी तो ओळखला आणि जपून ठेवला. हा एकच नमुना.

नवी जात ठरते कशी, तर मुख्यतः कवटीवरून. आधी ताज्या प्राण्याची चार मापं घेतात: डोक्यासह धड, शेपटी, मागचं पाऊल आणि कान. वजन. मग यकृताचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात, डीएनएसाठी. फॉर्मलिनमध्ये ठेवला तर डीएनए खराब होतो, ही नवख्यांची नेहमीची चूक. कातडं वेगळं, कवटी साफ करून वेगळी. कवटीत दाढांच्या ओळीची लांबी, टाळूतल्या फटी, डोळ्यांमधल्या हाडाची रुंदी अशी डझनावारी मापं घेऊन ती संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहतात. इथं वुडफर्डनं १८८०च्या दशकात पाठवलेले उंदीर कामाला आले: ग्वादालकनालचे सम्राट, राजा आणि डुकराचं पिल्लू यांच्या कवट्या समोर असल्याशिवाय ‘हा त्यांतला नाही’ असं म्हणता आलं नसतं. मग वर्णन प्रसिद्ध करायचं, एक नमुना ‘प्रारूप’, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार, म्हणून जाहीर करायचा आणि तो कुठल्या संग्रहालयात आहे ते लिहायचं. हे सगळं करून लॅव्हरी आणि जज यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये युरोमिस विका हे नाव प्रसिद्ध केलं. सॉलोमनमधून कृंतकाची नवी जात ऐंशीएक वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती. वर्णनाच्या लेखकांत गावच्या वनरक्षकाचं नाव असणं हे योग्यच झालं. असं दर वेळी होत नाही.

जिवंत विकाचे फोटो यायला आणखी काही वर्षं गेली. मेलबर्न विद्यापीठ, सॉलोमन आयलंड्स नॅशनल युनिव्हर्सिटी आणि झाइरा गाव यांनी मिळून कॅमेरे लावले. आमिष काय, तर तिळाच्या तेलाचे दिवे. एकूण ९५ फोटो मिळाले, चार वेगवेगळ्या उंदरांचे. ओळख पटली ती तीन गोष्टींवरून: काळ्या उंदराच्या दुप्पट तरी आकार, लांब शेपटी आणि फारच आखूड कान. काळ्या उंदराचे कान मोठे, पातळ आणि उठून दिसणारे असतात, त्यामुळे अंधुक फोटोतसुद्धा कान पाहिले की निम्मं काम होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हे फोटो प्रसिद्ध झाले.

झाड पडलं की काय काय जातं

शिकारीनं हे उंदीर संपतात असा समज आहे. पुरावा बघितला तर तो फारसा टिकत नाही, आणि त्यासाठी तिमोरकडे पाहावं लागतं.

तिमोर बेटावर कोरिफोमिस आणि त्याच्या भाऊबंदांची हाडं गुहांमधून निघाली आहेत. काहींचं वजन पाच-सहा किलोपर्यंत असावं असा अंदाज आहे. आजवर माहीत असलेले हे सर्वांत मोठे उंदीर. हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत, म्हणजे माणसं ते खात होती. आणि खात होती सुमारे ४६,००० वर्षांपासून. इतका काळ माणूस आणि महाउंदीर एकत्र राहिले. ते संपले साधारण हजार वर्षांपूर्वी, धातूची हत्यारं आली आणि जंगल मोठ्या प्रमाणात तोडता येऊ लागलं त्या सुमारास. दगडी कुऱ्हाडीनं जुनं झाड पाडायला दिवस लागतात. लोखंडी कुऱ्हाडीनं तेच काम काही तासांत होतं.

वांगुनूवर कुऱ्हाडीच्या जागी चेनसॉ आणि बुलडोझर आहेत. बेट सगळं मिळून ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि विकाला राहण्याजोगं जंगल २०१७ मध्येच सुमारे ८० चौरस किलोमीटर उरलं होतं. म्हणून वर्णन होतानाच ही जात अतिसंकटग्रस्त धरली गेली.

तोड ‘निवडक’ असते असं कंपन्या सांगतात. सगळं जंगल साफ करत नाहीत, फक्त जाड झाडं नेतात. पण विकासाठी नेमकी तीच झाडं महत्त्वाची. किलोभराचा प्राणी पिल्लांसह मावेल एवढी ढोली पडायला झाड जुनं आणि जाड हवं. फांदी मोडते, पाणी शिरतं, बुरशी लागते, आतला गाभा कुजतो, आणि याला अनेक दशकं लागतात. तोडलेल्या जागी पंधरा वर्षांत हिरवं रान उभं राहतं, उपग्रहाच्या चित्रात ते जंगलासारखंच दिसतं, पण त्यात एकही ढोली नसते. न्गालीसारखी झाडं फळायला लागेपर्यंत आणखी काळ जातो. आणि छत्र तुटतं. फांदीला फांदी लागलेली असते तोवर विकाला खाली उतरायची गरज पडत नाही. मधे लाकूड ओढायचा रस्ता आला की उतरावंच लागतं.

खाली मांजर असतं. लाकूडतोडीच्या छावणीबरोबर मांजरं येतात, आणि रस्त्यानं ती आत पसरतात. त्यांच्याबरोबर काळा उंदीर, जो मूळचा आपल्या भारतीय उपखंडातला आणि जहाजांतून जगभर गेलेला. तो फक्त अन्न पळवत नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर काय झालं ते याबाबत पुरेसं बोलकं आहे. तिथं मॅक्लिअरचा उंदीर नावाची स्थानिक जात इतकी बहुसंख्य होती, की वसाहतीतले लोक तिला वैतागले होते. १८९९ मध्ये ‘हिंदुस्तान’ नावाच्या जहाजातून काळे उंदीर उतरले. काही वर्षांतच स्थानिक उंदीर भरदिवसा पायवाटांवर लटपटत मरताना दिसू लागले, आणि १९०३ नंतर ते कोणाला दिसले नाहीत. शतकभरानं, २००८ मध्ये, संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांचा डीएनए तपासला गेला. जहाज येण्याआधीच्या नमुन्यांत कसलाही संसर्ग नव्हता; नंतरच्या काहींत ट्रिपॅनोसोम हा रक्तातला परजीवी सापडला, जो काळ्या उंदरांच्या पिसवांबरोबर आला होता. काळ्या उंदराला त्याची सवय होती, बेटावरच्याला नव्हती. एका बेटावर एकच कळप, एकाच रक्ताचा. रोग आला की पळायला दुसरं बेट नाही.

ग्वादालकनालच्या सम्राटाचं काय झालं असावं, याचा अंदाज यावरून बांधता येतो. वुडफर्डच्या नमुन्यांनंतर त्याचा एकही नमुना मिळालेला नाही. ‘डुकराचं पिल्लू’ तर एकाच नमुन्यावरून माहीत आहे.

सॉलोमनमधली बहुतेक जमीन सरकारची नाही, कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. तोडीचा करार कंपनी आणि कुळं यांच्यात होतो, मोबदला कुळांना मिळतो, आणि एकाच कुळात तोड हवी असणारे आणि नको असणारे असे दोन्ही असतात. झाइराच्या लोकांनी आपलं रान पिढ्यान्‌पिढ्या राखलं म्हणूनच वांगुनूवरचं शेवटचं जुनं जंगल तिथं उरलं आहे, आणि ते ९५ फोटोही तिथूनच आले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा याच जंगलात तोडीला परवानगी मिळालेली होती.